प्रभावतीला न घातलेलं मत

बनाबाई आणि प्रभावती पोहायला शिकल्या त्या वॉर्डातल्या खणीत. दगड काढून झाल्यावर तिथल्या खड्ड्यात झरे फुटून तळं झालं होतं, तरी सगळे त्याला खणच म्हणायचे. धुणं आटपलं की दोघी काठावरून उड्या टाकायच्या. प्रभावतीचं घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवणारं. तिची आई काठावरून हाका मारून दमायची आणि बनाबाई पाण्यातूनच ओरडायची, "आली, आली!"

आता निम्मी खण बुजली होती. डंपर येऊन राडारोडा ओतून जात. तिथं दुकानगाळे काढायचं बिल्डर अमरसिंहानं ठरवलं होतं, आणि त्यासाठीच महापालिकेला त्यानं आपल्या वहिनीला उभं केलं होतं. तिच्याविरुद्ध एका पक्षाची संयोगिता होती. खण वाचावी म्हणून निवृत्त शिक्षिका प्रभावतीही अपक्ष उभी राहिली. बनाबाई तिच्याबरोबर गल्लीगल्ली फिरली.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी प्रभावती बनाबाईच्या गोठ्यात आली.

"बने, मला मत घालू नकोस."

धार काढता काढता बनाबाईचा हात थांबला. "डोकं फिरलंय व्हय तुझं?"

"मी काय निवडून येत न्हाय. आपली मतं फुटली की अमरसिंहाची वहिनी खुर्चीत बसली. संयोगितानं चौकात सगळ्यांसमोर सांगितलंय, खण बुजू देणार न्हाय म्हणून. तिलाच घाल."

"मग नाव माघारी घ्यायचं हुतंस की!"

"मुदत गेली. म्हणून तर आता दारोदार सांगत फिरतोय."

मतदानाला बनाबाई मशीनसमोर घुटमळली. प्रभावतीच्या नावावर तिनं क्षणभर बोट टेकलं आणि मग संयोगितापुढचं बटण दाबलं. शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर तिला रडूच आलं.

संयोगिता थोडक्यात निवडून आली. प्रभावतीला पडलेली मोजकी मतं ऐकून गुलालातली माणसं हसली, ते बनाबाईला झोंबलं. पण डंपर मात्र थांबले. बुजलेली निम्मी खण काही परत मिळाली नाही.

पुढच्या आठवड्यात दोघी उरलेल्या पाण्याकाठी बसल्या. पाणी हिरवट होतं. लहानपणी इथं तळाचे खडे दिसायचे.

"तुझं मत तरी तुला घातलंस का?" बनाबाईनं विचारलं.

"न्हाय की."

"मग तुला घातली कुणी?"

"माझ्या वर्गातली पोरं असतील," प्रभावती म्हणाली. "त्यांनी माझं कधी ऐकलंय?"