कातळावरचे कंदीलफूल

मी एक जुने भिंग आहे, मित्रांनो. पितळी कडीत बसवलेले, मिटले की सुपारीएवढे होणारे. अंबरनाथच्या सुनंदाबाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांच्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी, मी काळ्या दोऱ्याने लटकत असे. "हे नसेल तर मी आंधळीच," असे त्या म्हणत, तेव्हा माझी काच अभिमानाने उजळे.

बदलापूरपलीकडच्या डोंगराच्या एका सोंडेवर बाईंना एक नाजूक वेल सापडला होता. दर पावसाळ्यात तो कातळाच्या फटीतून वर येई, पण फुलत नसे. नुसत्या पानांवरून नाव कसे ठरवणार?

सत्त्याऐंशीच्या भाद्रपदात तो फुलला. एकच फूल! हिरवट, बोटाच्या पेराएवढे, पाकळ्यांची टोके वर जुळलेली. हुबेहूब कंदील. बाई चिखलात पालथ्या पडल्या आणि त्यांनी मला डोळ्याला लावले. कंदीलफुलांचे घराणे लगेच कळले. पण पाकळ्यांवरची ती जांभळी लव कुठल्याच ओळखीच्या जातीशी जुळेना.

"फुलाची नळी उघडून आतला भाग बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही," बाई पुटपुटल्या.

"मग तोड ना!" बरोबर आलेल्या कुंदाबाई म्हणाल्या. "अगं, कॅमेराही नाही आपल्याकडे. उद्या कोण विश्वास ठेवेल?"

"एकुलतं एक फूल आहे, कुंदा. तोडलं तर बी कुठून धरेल?"

बाईंची बोटे देठापर्यंत गेली. मग त्यांनी हात मागे घेतला.

गणपती गेल्यावर कुणाचा तरी कॅमेरा मागून घेऊन आम्ही पुन्हा निघालो. सोंडेजवळ पोचलो आणि बाई थबकल्या. अर्धी सोंड नव्हतीच. खडीची खाण सुरू झाली होती. उघड्या पडलेल्या दगडावर पांढरी धूळ बसली होती. लाल फडके घेतलेला एक माणूस ओरडत आला. "बाय, मागं सरा! सुरुंग लावलाय!"

"इथे एक वेल होता हो..."

"वेल? आता दगुडबी राहायचा नाय, बाय. चला, मागं चला!"

कुंदाबाईंनी त्यांना ओढतच मागे नेले. आवाज झाला, आणि माझी काचसुद्धा हादरली.

पुढची काही वर्षे बाई आसपासचा एकेक डोंगर धुंडाळत राहिल्या. तसा वेल पुन्हा कुठेच दिसला नाही. मुंबईच्या एका तज्ज्ञांकडे त्या गेल्या, तर त्यांनी हळूच विचारले, "फूल कुठाय?"

"तिथेच ठेवलं."

"नमुनाच नाही, मग नाव कशाला द्यायचं, बाई?"

त्या रात्री त्यांनी मला गळ्यातून काढून खणात टाकले. त्या शिकवत राहिल्या, पण डोंगरावर पुन्हा गेल्या नाहीत. आता माझ्या काचेवर बुरशीची जाळी धरली आहे. त्यातून काही स्पष्ट दिसत नाही.

मित्रांनो, तुम्हाला काय सांगू? फुले तोडू नका, असे मी एरवी ठामपणे सांगितले असते. आज तसे सांगवत नाही. तोडले असते तर निदान नाव उरले असते. बाईंनी माया केली, आणि काहीच उरले नाही. तेव्हा फुलाला जपाच, पण त्याआधी ते ज्या दगडावर उभे आहे, त्याला जपा. मी पाहिलेले ते फूल जगात आणखी कुठे फुलत असेल, तर ते मला ठाऊक नाही. नसेल, तर ते बिननावाचेच गेले.