झोक्यावरची जागा

"हलू नको, राजा. काटा थांबू दे. थांबला की सोडते खाली."

अंगणवाडीच्या आढ्याला टांगलेल्या वजनकाट्याच्या झोळीत बसलेलं पोरगं थांबायला तयार नव्हतं. त्याच्या दृष्टीने तो वजनकाटा नव्हताच. सकाळपासून गावात जिकडेतिकडे लिंबाला पंचमीचे झोके बांधलेले त्याने पाहिले होते, आणि बाईंनी आपल्यासाठीही एक बांधलाय, एवढंच त्याला कळत होतं. त्याने पाय झाडून आणखी एक हेलकावा घेतला. मागे ओळीत उभी असलेली पोरं ओरडली, "बाई, आता माजा नंबर!"

वनमालाला हसू आलं. लहान पोराला 'हलू नको' म्हटलं की ते हलणारच. त्याला मना करण्यापेक्षा बघायला काहीतरी द्यावं, हे ती इतक्या वर्षांत शिकली होती. पण आज तिला काही दाखवावं लागलं नाही. दारात मोटारसायकल थांबली, तिच्यावरून भरघोस मिशांचा एक माणूस उतरला आणि त्या मिशा बघून पोरगं जागच्या जागी गप्प झालं. काटा स्थिर झाला. वनमालाने वजन टिपून घेतलं.

"अक्का, आवर. मुराळी आलाय," मिशावाला म्हणाला. तो बजरंग, तिचा धाकटा भाऊ. पंचमीला तिला माहेरी न्यायला तलवाड्याहून आला होता.

"बज्या, इतक्या सकाळी?"

"मायनं कोंबडं आरवायच्या आधी उठवलं मला. म्हनली, ती तिकडून निघायला उशीर करती, तर तू हिकडून लवकर निघ."

"माय बरी हाय ना?"

"बरी हाय. म्हाळूच्या दारी जाऊन त्याचा नाडा मागून आनला अन् लिंबाला झोका बांधून घेतलाय. आपला जुना दोर कुजला. म्हाळूला वैरनीची गाडी आवळायला लागतो नाडा, त्यो सांजंला न्यायला येनार." बजरंगने पायाने जमिनीवर एक रेघ ओढली. "आन् तुला निरोप हाय. अक्का या साली आली तर ठीक. न्हाई तर पुढल्या सालापासून म्या कुनाच्या दारी दोर मागायला जानार न्हाई, आसं म्हनली."

वनमालाने पोराला झोळीतून खाली सोडलं. गेल्या पंचमीला तिने फोनवर सांगितलं होतं, पुढल्या वेळी नक्की. त्याच्या आधल्या पंचमीलाही तेच सांगितलं होतं. कधी सर्व्हे निघायचा, कधी लसीकरण, कधी सासूबाईंचा गुडघा. लिंबाखाली बांधलेला झोका रिकामा राहायचा आणि दुसऱ्या दिवशी सुटायचा. माय त्याबद्दल कधी बोलली नव्हती. आज बोलली होती, तेही बज्याच्या तोंडून.

"दुपारी निघू," ती म्हणाली. "एवढं प्रदर्शन उरकते अन् निघू."

"कसलं प्रदर्शन? आज तर सुट्टी ना तुला?"

सुट्टी होती. पण काल दिवेलागणीला सुपरवायझर मॅडमचा मेसेज ग्रुपवर आला होता. स्तनपान सप्ताह संपत आला आहे, सर्व सेविकांनी उद्या पौष्टिक पाककृतींचं प्रदर्शन भरवून फोटो टाकावेत. खाली चाळीसेक बायकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. वनमालानेही टाकलं होतं. हात जोडलेलं चित्र कुणी नमस्कार म्हणून घेतं, कुणी होकार म्हणून. आपण ते 'सोडा आता' अशा अर्थाने टाकलं होतं, हे मॅडमला कसं कळावं?

तेवढ्यात मदतनीस कौशल्याबाई भल्यामोठ्या भोपळ्यासह आत आल्या आणि भोपळा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "बाई, हे घ्या. पन आज म्या विळीला हात लावनार न्हाई."

"मावशी, प्रदर्शन हाय. चिरावं तर लागंल."

"मग तुमी चिरा. तुमचं शिक्शन झालंय. शिकलेल्या मानसाला नागोबा वळखत आसंल."

बजरंग मिशांत हसला. पंचमीला काही चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, जमीन खणायची नाही. वनमालाने पहाटे उठून पुरण वाटलं होतं आणि कणकेच्या घड्यांत भरून दिंडं उकडून ठेवली होती. काल याच भावासाठी तिने उपवास धरला होता. तो आता भिंतीला टेकून पोरांच्या वाट्याच्या लाह्या खात होता.

बायका जमल्या. प्रत्येकीने घरचं ताट झाकून आणलं होतं. झाकणं उघडली तर सगळ्या ताटांत दिंडं. एकीच्या ताटात दिंडाशेजारी अख्खं दोडकं, दुसरीच्या ताटात देठासकट गवार. वनमालाने टेबलामागे सगळ्यांना उभं केलं, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. फोन लगेच वाजला.

"वनमालाताई, सगळ्यांनी एकच पदार्थ केलाय? आणि भाज्या अख्ख्याच?"

"मॅडम, आज पंचमी हाय. कुनी चिरत न्हाई."

 मॅडमचा आवाज जरा खाली आला. "ते मला माहितीये हो. माझ्या घरीही चिरत नाहीत."

"मग कसं करू?"

"वरून विचारलं तर मी काय सांगू? असं करा, भोपळ्याशेजारी विळी ठेवा. आता चिरणारच आहोत, असं वाटलं पाहिजे. आणि दिंडं जरा लांब लांब ठेवा."

"मॅडम, तुमचं माहेर कुठलं?"

"लांबचंय," मॅडम म्हणाल्या. "फोटो पाठवा."

विळी ठेवली. कौशल्याबाई विळीपासून हातभर दूर सरकल्या, म्हणून त्या फोटोत अर्ध्याच आल्या. हा फोटो नुसत्या ग्रुपवर टाकून भागत नव्हतं, तो ॲपमध्ये भरायचा होता, आणि ॲपचं चाक गोल गोल फिरत बसलं. गावात रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. वनमालाला अजून तीन पोरांचं वजन करायचं होतं. मग बजरंग फोन घेऊन टाकीवर चढला आणि हात वर धरून उभा राहिला. खालून जाणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोन हाय बे वर? काय झालं?"

"मुराळी हाय!" बजरंग वरून ओरडला. "बहीन सुटंना!"

फोटो गेला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

घरी येऊन बघते तर नणंद सत्यशीला आलेली होती. तिचंही माहेर हेच, तिचीही पंचमी आजच. सासूबाई, वच्छलाबाई, उंबऱ्यात बसल्या होत्या.

"आली का सरकारची सून? सत्यशीला कवाची आलीय. तिला वाढ. पोरीच्या पोटात सकाळपासून काय न्हाई."

"वाढते, आत्याबाई."

वनमालाने पदर खोचला. पंचमीचा हिशेब तिला कधीच जुळला नव्हता. प्रत्येक घरातून एक बाई माहेरी जाते आणि प्रत्येक घरात एक बाई माहेरी येते. मग येणारीला वाढायला कोण राहतं? तर जी गेली नाही ती.

सत्यशीला जेवायला बसली. तिच्या घरी तीन म्हशी, सासरा अंथरुणाला खिळलेला. तिने सांगायला सुरुवात केली, की सकाळी म्हशीने लाथ मारली, मग एस. टी. उशिरा आली, मग बसायला जागा नव्हती. जेवून हात धुतला आणि बाजेवर जराशी टेकली. "वैनी, तू बी बस की आता. तुला सांगते, आमच्याकडं..." एवढं म्हणाली आणि पुढचं वाक्य आलंच नाही. उशीसुद्धा न घेता ती झोपली होती.

वनमाला ताटं उचलायला वाकली तशा वच्छलाबाई कुजबुजल्या, "हळू. भांडी वाजवू नको. लेकरू झोपलंय."

चाळिशी ओलांडलेलं ते लेकरू तोंड उघडं टाकून घोरत होतं. वच्छलाबाईंनी उठून तिच्या पायांवर पातळ घातलं. तिच्या टाचांच्या भेगांवरून अंगठा फिरवला. मग तिथेच बाजेच्या कडेला बसून राहिल्या. अंगणात बजरंग दोनदा उठून सूर्याकडे बघून आला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा वच्छलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग वनमालाकडे. खरकट्या हातांनी ती भिंतीला टेकून उभी होती आणि डोळे मिटत होती.

"जा तू," त्या म्हणाल्या.

"आँ?"

"जा म्हनलं. तुजी माय वाट बघत आसंल."

"सांजच्याला बाया फेर धरायला यायच्यात. चहा कोन करंल?"

"म्या हाय. दिपाली हाय. आन् तवा तर आज चढवायचाच न्हाई. तू नसली तर काय उपाशी मरतोत आमी? लई शानी." बोलणं टोचूनच होतं. पण आवाज मात्र लेकीची झोप मोडू नये इतका हळू होता.

वनमालाने पिशवीत एक लुगडं आणि दिंडांचा डबा टाकला. मोटारसायकल चालू झाली तेवढ्यात आतून नवऱ्याचा आवाज आला. "अगं, माझा टॉवेल कुठंय?"

"दोरीवर!"

"कुठल्या दोरीवर?"

नववीतली दिपाली दारात आली. "आई, तू जा. मी पप्पांना दोरी दाखवते."

बीडपर्यंत बजरंगने तिला झोपू दिलं नाही. मागून तिचं डोकं त्याच्या पाठीवर आपटलं की तो ओरडायचा, "अक्का, पडशील! बोल कायतरी!" मग ती बोलायची. कधी तिसरीतल्या कविता म्हणायची, कधी महिला बचत गटातलं भांडण सांगायची. एकदा तर ती म्हणाली, "हलू नको, राजा, काटा थांबू दे," आणि बजरंगने घाबरून गाडी बाजूला घेतली. टपरीवर दोघांनी उभ्याने चहा घेतला. सूर्य कापसाच्या रानामागे टेकला होता.

"सुटला आसंल झोका," ती म्हणाली.

"गप बस," बजरंग म्हणाला आणि त्याने गाडीला किक मारली.

तलवाड्यात शिरले तेव्हा झाडांवरचे झोके रिकामे झाले होते. कुणी दोराची गुंडाळी करत होतं, कुणी फळी घरात नेत होतं. वनमाला दोन्ही बाजूंना बघत होती आणि बघून झालं की मान खाली घालत होती. गल्लीच्या टोकाला घरापुढच्या लिंबाखाली मात्र बोलाचाली चालली होती.

"काकू, उठा की आता," म्हाळू कमरेवर हात ठेवून म्हणत होता. "गाडी भरून हाय. आवळायला नाडा न्हाई. बैलं ताटकळलीत."

"बसू दी की जरा," झोक्यावरून तिची माय, सुभद्राबाई म्हणाल्या. फळीवर पोत्याची घडी, तिच्यावर त्या. दोन्ही मुठींत दोर घट्ट. पाय जमिनीला टेकलेले. एस. टी. मध्ये कुणासाठी तरी जागा धरून बसावं तशा त्या बसल्या होत्या. "या वयात मला कोन झोका देनार परत?"

"आवं, कवापास्नं बघतोय, तुमी हालल्या बी न्हाईत!"

"हालल्यावर भ्या वाटतं मला."

"मग उतरा."

"उतरायला बी भ्या वाटतं."

मोटारसायकलचा दिवा लिंबावर पडला. सुभद्राबाईंनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आणि उतरायला भीती वाटणारी ती बाई कुणाचा आधार न घेता टुणकन खाली उतरली.

"आली व्हय," एवढंच त्या म्हणाल्या. पोत्याची घडी हाताने झटकली. "बस."

"माय, आधी पाया तर पडू दे."

"पाया मागून पड. बस आधी. ह्यो म्हाळू जीव खायलाय माजा."

म्हाळू बाजूला सरकला. "बसा अक्का, बसा. पाच मिनटानं काय वैरन वाळत न्हाई."

वनमाला बसली. पोतं अजून उबदार होतं. लहानपणी ती या झोक्यावर उभी राहायची आणि इतका उंच न्यायची की पलीकडच्या आळीतली कौलं दिसायची. आज उभं राहून एकदा ती कौलं बघायची, असं तिने येताना मनात धरलं होतं. सुभद्राबाईंनी पाठीला हात लावून हलकासा झोका दिला. मग आणखी एक.

"जावई बरे हायेत का?"

"टॉवेल हुडकायलेत," वनमाला म्हणाली.

"आन् दिपाली?"

याला उत्तर आलं नाही. सुभद्राबाई पुढे आल्या. वनमालाचं डोकं दोराला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं आणि एक चप्पल पायातून गळून खाली पडली होती. झोका आपल्या जोरावर मागेपुढे होत होता. बजरंग गाडीवरचा डबा काढता काढता तसाच थांबला. म्हाळूने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, सुभद्राबाईंकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी सारखी करून रिकाम्या हातांनी आपल्या बैलगाडीकडे निघून गेला.

सुभद्राबाईंनी दोन्ही दोर मुठीत धरले आणि झोका हलू नये म्हणून तशाच उभ्या राहिल्या.