उकाड्याच्या गावातला कोट

मी एक कोट आहे. गडद निळ्या लोकरीचा, मोठाल्या गुंड्यांचा, आतून रेशमी अस्तर असलेला. माझा जन्म बाबाओयोत झाला, आणि तेच माझं दुर्दैव. इक्वाडोरमधलं हे नदीकाठचं गाव. तिथे माणसं बारा महिने घामाने निथळतात. लोकरीचा कोट घालणार कोण?

डोंगरातून कापड विकायला आलेला व्यापारी तर हसलाच. "ताई, ह्या उकाड्यात लोकर? आतल्या आत शिजाल!"

"इथे नाही घालायचा," ओतिलिया म्हणाली. "कुस्कोला जायचंय."

ओतिलिया शाळेचे गणवेश शिवायची. लहानपणी इतिहासाच्या पुस्तकात तिने पेरूमधल्या डोंगरांतल्या थंडगार कुस्कोची एक भिंत पाहिली होती. चुना नाही, माती नाही, नुसते दगडाला दगड बिलगलेले. ते चित्र तिच्या मनातून कधी गेलंच नाही. लग्न झाल्यावर नवरा विल्फ्रिदो म्हणाला, "जाऊ की! पुढच्या वर्षी." त्या आनंदात तिने मला शिवलं. शेवटची गुंडी लावून अंगात चढवलं, आरशासमोर गिरकी घेतली, आणि घामाघूम होऊन लगेच उतरवलं.

मग मी कपाटात गेलो.

पुढचं वर्ष आलं की काहीतरी निघायचंच. यादिरा जन्मली. सासूने अंथरूण धरलं. एका पावसाळ्यात नदी घरात शिरली. तेव्हा ओतिलियाने आधी शिवणमशीन माळ्यावर चढवलं, मग मला तुळईला टांगलं, आणि भांडी राहिली ती राहिलीच. दरवर्षी ती मला उन्हात टाकायची, खिशांतल्या डांबरगोळ्या बदलायची. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, "काय गं, निघालीस वाटतं?" ती म्हणायची, "पुढच्या वर्षी." सुरुवातीला हसून म्हणायची. नंतर हसू गेलं, शब्द तेवढे राहिले.

अखेर विल्फ्रिदो आजारी पडला. त्याला हुडहुडी भरली, चादरी पुरेनात, म्हणून तिने मला त्याच्या अंगावर घातलं. इतक्या वर्षांत माझा पहिला उपयोग हा असा झाला.

त्याने माझी बाही चाचपली. "ओती, हा तर तुझा कुस्कोचा कोट."

"पडून राहा गुपचूप."

"मी पुढच्या वर्षी म्हणायचो ना, ते खोटं नव्हतो बोलत गं."

"ठाऊक आहे मला."

"मग जा. मी नसलो तरी जा."

तो गेला. ती रडली नाही. आल्यागेल्यांना कॉफी दिली, स्वतःचे शोकाचे काळे कपडे स्वतःच शिवले, आणि मला घासूनपुसून सावलीत टांगलं.

वर्ष सरल्यावर तिने तिकीट काढलं, तेव्हा यादिरा भडकली. "एकटी? ह्या वयात? आणि माझ्या मुलांना कोण बघणार?"

"त्यांची आई," ओतिलिया म्हणाली.

पण मला घालून पाहिलं तर गुंड्या लागेनात. नशीब, तरुणपणी तिने शिवणीत भरपूर कापड सोडून ठेवलं होतं. ती शांतपणे उसवत बसली. आत दुमडलेल्या त्या कापडाला कधी ऊन लागलं नव्हतं. तिथला निळा रंग अजून नवा होता.

कुस्कोच्या उंचीने तिला पहिल्याच दिवशी आडवं केलं. डोकं फुटतंय असं वाटे, पोटात पाणी ठरेना. ती उतरली होती त्या घराची मालकीण सातुर्निना उंचीच्या त्रासावर तिकडे देतात तो कोकाच्या पानांचा चहा घेऊन उशाशी बसली. फोनवर यादिरा रडत होती, "आई, उद्याच्या विमानाने परत ये!" ओतिलियाने माझी कॉलर मुठीत घट्ट धरली होती. मला वाटलं, झालं, आता परत कपाट. पण ती म्हणाली, "नाही येत. मी इथे बरी होईन." आणि तिने फोन ठेवला.

ती बरी झालीही. ज्या सकाळी पायांत बळ आलं, त्या सकाळी आम्ही बाहेर पडलो. बोचरा वारा होता. अंगाची ऊब धरून ठेवणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. अरुंद गल्लीत ती चित्रातल्या त्या भिंतीपाशी थांबली आणि तिने तळहात दगडावर टेकवला.

कोपऱ्यावर उकडलेली कणसं विकणारी बाई बराच वेळ बघत होती. "कुणी यायचंय का हो तुमचं?"

"नाही. कुणी नाही यायचं आता."

हे बोलली, आणि तिचा बांध फुटला. विल्फ्रिदोसाठी ती पहिल्यांदा रडली, माझ्या बाहीत तोंड खुपसून. कणीसवालीने वाफाळतं कणीस आणि पांढऱ्या चीजचा तुकडा तिच्या हातात ठेवला. "खा आधी. रिकाम्या पोटी रडू नये इथे, चक्कर येते."

त्यानंतर ती मनसोक्त हिंडली. वाटेल त्या चर्चमध्ये बसली, वाटेल तेव्हा उठली.

निघायच्या दिवशी तिने मला सातुर्निनाच्या हातात दिलं. "तिकडे नेला तर पुन्हा कपाटात पडेल. खालच्या गावांतून माणसं येतात तुमच्याकडे, कुडकुडत. त्यांना द्या घालायला."

"अहो बाई, आठवण म्हणून तरी न्या!"

"आठवण आहे माझ्याजवळ," ती म्हणाली. पातळ झग्यावर शाल ओढून ती उतारावरून निघून गेली. मला वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

आता मी सातुर्निनाच्या दाराजवळच्या खुंटीवर असतो. कोपरांवर विरलोय, एक गुंडी दुसऱ्याच रंगाची आहे, खिशांत कुणाकुणाचे कागदाचे कपटे राहून जातात. तुम्ही कधी आलात तर मला जरूर घ्या. एकच विनंती आहे. मला अंगात घालून दारात विचार करत उभे राहू नका. बाहेर थंडी आहे, म्हणून तर मी आहे. चला.