कडू आळंबीचा काढा

ताईने दार उघडलं आणि भाऊ हरखलाच. तिच्या डोक्यावर केस आले होते, बोटभर, काळेभोर. त्याने कौतुकाने हात फिरवला आणि तो हात तिथेच थबकला. केमोची इंजेक्शनं चालू असताना केस येतील कसे?

तो आळंबीची शेती करायचा. ओल्या भुशाच्या पिशव्यांतून लाखेसारखी चमकणारी, चवीला कडूजहर आळंबी काढायचा. ताईच्या मानेतली गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा आळंबीचा काढा देत त्यानेच सांगितलं होतं, "यावर संशोधन चाललंय. प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात. औषधांच्या जोडीला घे." 'जोडीला' हा शब्द आपण नक्की उच्चारला होता का, हे आता त्याला आठवेना.

"ताई, इंजेक्शनला जातेस ना?"

"चहा टाकते."

"ताई!"

शिवणयंत्रावरचं कापड ती उगाच सारखं करत राहिली. "नाही जात. उलट्या करता करता तिथल्या बाथरूममध्ये पडले रे मी. तुझ्या काढ्याने कसं हलकं वाटतंय."

"आणि दाजी?"

"ते हॉस्पिटलच्या फाटकाशी सोडतात. मी बाहेर बाकावर बसून परत येते."

तिने मान वळवली तेव्हा कानाखाली फुगवटा दिसला. चहा न घेताच त्याने तिला रिक्षात घातलं.

डॉक्टरबाई बराच वेळ तिची मान चाचपत होत्या. मग काढ्याचं ऐकून त्याच्याकडे वळल्या. "आळंबीवर अभ्यास चालू आहेत. काही ठिकाणी उपचारांसोबत देतातही. पण उपचारांऐवजी चालते, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि सोबत घ्यायची तरी आधी मला विचारायचं."

"उशीर झालाय का?" त्याने विचारलं.

"तपासण्या होऊ द्या. आज मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही."

तपासण्या झाल्या. गाठी छातीत उतरल्या होत्या. आधीपेक्षा जहाल औषध ठरलं. काढा बंद झाला.

सलाईन लावायला नर्स आली, तशी ताईने त्याचं मनगट गच्च धरलं. त्याने सुईवरून नजर वळवली.

"घाबरलास?"

काहीतरी धीराचं बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं. "हो," एवढंच निघालं.

"बरं झालं," ती म्हणाली. "सगळे नुसते घाबरू नकोस, घाबरू नकोस करतात. मला वाटलं, मी एकटीच."

नर्सने सुई टोचली. ताईने डोळे मिटून घेतले, पण या वेळी ती उठून बाहेरच्या बाकावर गेली नाही.