फुंकरबाबा आणि झाडाचं कोड

सकाळी सातला आमच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्याकडेच्या ओळीतल्या पहिल्या झाडाभोवती दोरी बांधलेली, दोरीबाहेर दीडेकशे माणसं आणि आत खुर्चीवर फुंकरबाबा.

बाबाचा चमत्कार असा: या झाडाच्या खोडावर पूर्वी करडे-पांढरे डाग होते. बाबाने सहा महिने रोज फुंकर मारली आणि डाग गळून पडले. खोड लख्ख! मग झाडाचं कोड गेलं तर माणसाचं का जाणार नाही?

"झाड मुकं असतं, भक्तांनो! मुक्याला गुण आला, तुम्ही तर बोलके!" बाबा गरजला. यात तर्क कुठला ते मला अजून कळलेलं नाही, पण लोकांनी माना डोलावल्या.

मी शिंपी. माझं दुकान समोरच्या कोपऱ्यावर. असल्या थापा मला पचत नाहीत, आणि माझं तोंडही जरा तिखटच आहे. तरी मी जपून होतो, कारण त्या गर्दीत माझी सख्खी ताई होती आणि तिच्या मांडीवर माझी नऊ वर्षांची भाची. पोरीच्या मानेवर दोन पांढरे चट्टे. महिनाभर ताई तिला रोज तासभर त्या झाडाखाली बसवत होती. चट्टे तसूभर हलले नाहीत, खोकला मात्र लागला. आता तर जिना चढतानाही पोरीला धाप लागायची.

"ताई, पुरे कर आता."

"तू गप्प बस रे! उद्या हिच्याशी लग्न कोण करणार? खोकला म्हणजे आतली घाण बाहेर पडतेय, बाबांनी सांगितलंय."

"बाहेर पडतेय की आत जातेय?"

ताईने असे डोळे वटारले की मी मुकाट्याने मशीनवर जाऊन बसलो.

त्याच दुपारी पोरीला श्वास पुरेना. आम्ही तिला उचलून दवाखान्यात धावलो. डॉक्टरीणबाईंनी श्वासाचा पंप दिला, छाती तपासली आणि विचारलं, "ही रोज बसते कुठे?"

ताईने मोठ्या कौतुकाने झाडाची कहाणी सांगितली. बाईंचा लिहिता हात थांबला.

"अहो, ते कोड नव्हतं. दगडफूल होतं, खोडांवर वाढतं ते. त्यानं झाडाला काही होत नाही. त्याला मुळं नसतात, हवेत आणि पावसाच्या पाण्यात जे असेल ते शोषून घेतं, विषसुद्धा. हवा नासली की आधी ते मरतं. जिथे ते मेलं, नेमकं तिथे तुम्ही लेकीला बसवताय."

"पण बाबांनी फुंकल्यावरच गेलं ना?" ताई हटेना.

"मग न फुंकलेली झाडं बघा. मोजून या."

"बघतेच!" ताई म्हणाली. कुणाला खोटं पाडायला निघाली होती, तिचं तिलाच ठाऊक.

पोरीला बरं वाटल्यावर, रविवारी आम्ही मोजायला निघालो. तिला त्या नासक्या हवेत नेलं नाही, दुकानात दार लावून बसवलं. पण युक्ती तिचीच: "मामा, भरतकामाची रिंग खोडावर ठेवा आणि फक्त आतले डाग मोजा. म्हणजे सगळ्या झाडांना माप एकच." शिंप्याची भाची शोभते! ताई मोजायची, मी येऊन आकडे सांगायचो, पोर खाकी कागदावर लिहायची.

बावीस झाडं. पहिल्या सहांवर एकही डाग नाही. सातव्यावर दोन. बाराव्यावर नऊ. शेवटच्या, तळ्याकाठच्या झाडावर एकेचाळीस. आणि पहिल्या झाडाच्या मागेच भंगार वितळवायची भट्टी, जिच्यात दोन वर्षांपासून जुने टायर जळत होते.

"आई, बाबांनी तर एकाच झाडाला फुंकलं," पोर म्हणाली. "मग बाकीची पाच कशी बरी झाली?"

ताईने पोरीच्या हातातला कागद काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन थेट दोरीच्या आत शिरली.

"बाबा, तळ्याकाठच्या झाडावर फुंकर मारा. सहा महिने आम्ही थांबतो."

बाबाने डोळे मिटले. "त्या झाडाची श्रद्धा कमी पडते, माई."

"झाडाची?" मी ओरडलो, आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं. हसू पसरलं तसा भट्टीवर वजनकाटा सांभाळणारा माणूस धीर करून पुढे आला. "अहो, हा आमच्याकडे कोळसा टाकायला होता! या खोडावरचे डाग वाळताना, गळताना रोज बघायचा."

म्हणजे बाबाने अक्कल चालवली ती झाड निवडण्यात. आपोआप जाणारे डाग त्याने फुंकरीच्या नावावर लावले, बस्स.

दुपारपर्यंत बाबा पसार झाला. लोक खुशीत घरी निघाले, तर ताई आडवी आली.

"निघालात कुठे? बाबा गेला, धूर इथेच आहे! मी माझ्या हाताने लेकीला त्यात बसवलं. डाग गेलेले पाहिले, का गेले ते विचारलं नाही. तुम्ही तरी विचारा." मला तिची दया आली आणि अभिमानही वाटला.

तीन अर्ज आणि बऱ्याच हेलपाट्यांनंतर भट्टीतले टायर बंद झाले. तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी शेजारचं झाड बघा, मोजा, विचारा. विचारण्याने कुठलाही देव रागावत नाही, रागावतो तो धंदेवाला.

भाची आता न थांबता जिना चढते. मानेवरचे चट्टे आहेत तिथेच आहेत. त्यांचा तिला कधी त्रास नव्हताच, तो आम्हालाच होता.