मिरवणुकीतली लाल गाडी

"या वखती नाही चालली, त पंधरा तारखेले भंगारवाला येईन. म्या सांगून ठेवलं त्याले!"

सासूबाईंनी भाकरीवर अशी थाप मारली की बाहेर गाडीखाली आडव्या पडलेल्या सासऱ्यांनाही ती ऐकू गेली असणार.

"चालन, चालन," खालून आवाज आला.

सासूबाई त्या गाडीला सवत म्हणतात आणि खरं सांगू, त्यांचं काही चुकत नाही. सासरे, म्हणजे सोमा तायडे, अकोल्याहून सुरतेला आले आणि एका शेठजींच्या गाड्या चालवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यातली ही एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार, लालभडक, दोन सीटांची. शेठजी गेले, मुलांनी बंगला विकायला काढला आणि "सोमाकाका, तमे लई जाओ", म्हणजे तुम्हीच घेऊन जा, म्हणत बंद पडलेली गाडी पर्वत पाटिया भागातल्या आमच्या गल्लीत ओढून आणून सोडली. घरात माणसं चार, गाडीत जागा दोघांना, आणि ती चालतही नाही. घ्या!

गल्लीत पाण्याचा टँकर आला की गाडी हलवावी लागायची. सासरे आणि माझा नवरा प्रदीप मागून ढकलणार, स्टिअरिंगला सासूबाई.

"चंद्रभागे, उजवीकडं दाबून धर! डावीकडं ओढते ती."

"माह्या हाताले पीठ हाय ना!"

"राहू दे पीठ. धर!"

पुटपुटत, शिव्या घालत धरायच्या. स्टिअरिंगवर ज्वारीच्या पिठाचे ठसे कायमचेच झाले होते.

माझ्या माहेरच्या नव्याकोऱ्या डब्यात एकदा कार्ब्युरेटर सापडला, तेव्हा मीही कडाडले होते. पण सासऱ्यांनी हाय खाल्ली नाही. साड्यांची पार्सलं बांधतात त्या जाड कापडाचा त्यांनी गाडीला टप शिवून घेतला, गळका रेडिएटर कामरेजच्या एका मिस्त्रीकडून सांधून आणला. आणि एका रविवारी, काय सांगू, गाडी खरंच सुरू झाली! हायवेने थेट कामरेजपर्यंत जाऊन परत आली. सासरे उतरले तेव्हा केस उभे, तोंडभर हसू. त्याच उत्साहात त्यांनी गल्लीत जाहीर करून टाकलं, "यंदा जयंतीले बाबासाहेबांचा फोटो टेम्पोत नाही. माह्या गाडीत!"

मंडळाने टेम्पो रद्द केला. सासूबाईंनी भंगारवाल्याला मात्र रद्द केलं नाही.

चौदा एप्रिलला टप उतरवून गाडी झेंडूने मढवली. मागच्या बाजूला उंचावर फोटो बांधला. सासऱ्यांनी शेजारचं दार उघडून धरलं.

"बस ना वं."

"मी पायी येते. या डबड्याचा भरोसा नाही," म्हणत सासूबाई नवी पांढरी साडी सावरून बायांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

आता आमचा शहाणपणा बघा. हायवेवर गाडी वारा खात पळाली होती. पण मिरवणूक कुठे पळते? ती नाचते, थांबते, मुंगीच्या पावलाने पुढे सरकते. त्यात सुरतेचं ऊन. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. चौकात पोहोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ निघायला लागली. एक आचका दिला आणि इंजिन बंद. डीजेही बंद झाला.

"टेम्पो बोलवा रे," कोणीतरी म्हणालं.

सासरे स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसले होते. डोळ्यांत पाणी तरळलेलं. मला तर तो चेहरा बघवेना.

गर्दीतून सासूबाई पुढे आल्या. झालं, आता भर चौकात उद्धार होणार, असं मला वाटलं.

"उतरा खाली," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "मागं जा अन् ढकला."

"अवं, पण स्टिअरिंग..."

"काकी, मी बसतो!" "मी बसतो!" पोरं धावली.

"सरका रे बाजूले! डावीकडं ओढते ती. तुमच्याच्यानं व्हायचं नाही."

पदर खोचला आणि बसल्या. मागून सासरे, प्रदीप आणि अर्धी गल्ली. "जय भीम!" झालं, डीजे वाजायला लागला आणि गाडी निघाली. जन्मात सायकलवर न बसलेली माझी सासू लाल स्पोर्ट्स कार चालवत होती! बाया फुलं उधळत होत्या. हात हलवायला सासूबाईंचा हात मोकळा नव्हता, म्हणून नुसती मान हलवायच्या. बुद्धविहारापर्यंत गाडी नाकासमोर गेली. मी नाचले, हो, भर रस्त्यात नाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भंगारवाला हातगाडी घेऊन दारात हजर. सासरे पाठ फिरवून बसले. सासूबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने बाहेर आल्या.

"नाही द्यायची."

"मौसी, आपनेही तो बोला था, नहीं चली तो ले जाना."

"चालली ना काल. अख्ख्या गल्लीनं पाह्यली."

"धक्का मारके?"

"त? तुही हातगाडी काय इंजिनावर चालते?"

भंगारवाला हसत हसत गेला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला.

"काय बसले हो? चला, मागं उभं राहा," सासूबाई म्हणाल्या.

सासरे टुणकन उठले. सासूबाई गाडीत बसल्या. मग थांबल्या, पदराने दोन्ही हात नीट पुसले आणि स्टिअरिंग धरलं.