झाकणारं नाव

माझं काम उसवायचं. कुणी नोकरी सोडली की त्याचा कोट आमच्या कारखान्यात येतो. खिशावर भरलेलं नाव मी ब्लेडने उसवते आणि त्याच जागी नव्या माणसाचं भरते. दवाखान्यांचे कोट, हॉटेलांचे, प्रयोगशाळांचे. माणसं जातात, कोट टिकतात. एकोणीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे नावांबद्दल मला फार आदरबिदर उरलेला नाही.

दोरा निघतो, भोकं निघत नाहीत. सुती कापडावर वाफ मारली की थोडी मिटतात, टेरिकॉटवर जन्मात नाही. उजेडाकडे धरा, गेलेल्याचं नाव सरळ वाचता येतं. म्हणून कारखान्यातल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "नवं नाव जुन्यापेक्षा लांब असलं की डोळे झाकून भरायचं. आखूड असलं तर जुन्याचं शेपूट बाहेर राहतं." शेपूट राहिलेला कोट गिऱ्हाईक नाक मुरडत परत पाठवतं.

मला स्वतःचं नाव बदलायचं होतं. मुलगा झाला म्हणून मला आजोबांचं नाव मिळालं, पाच अक्षरांचं, भारदस्त. मी मुलगी आहे हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. घरात तोंड उघडायला मात्र चाळिशी उलटली. सरकारी कचेरीतल्या अर्जावरच लिहिलं होतं की नाव एकदाच बदलून मिळेल. वर कारकूनबाईंनी बजावलं, "नीट विचार करा हं. पडदे नाहीत हे, आवडले नाहीत म्हणून बदलायला."

मी नीट विचार केला. निदान मला तसं वाटलं. लहानपणी मी आणि ताई पलंगाखाली घर-घर खेळायचो, तेव्हा माझं एक नाव होतं, दोन अक्षरांचं. ते मी जेवणाच्या सुट्टीत एका चिंधीवर भरलं. कारखान्यात आम्हालाही कोट असतात. माझ्या कोटावरचं जुनं नाव उसवलं आणि तिथे ती चिंधी ठेवली. आजोबांची तीन अक्षरं बाजूला उघडी. चिंधी उचलून खिशात घातली. मग शोधून शोधून सहा अक्षरांचं एक काढलं. वाईट नव्हतं, कुणाही बाईला शोभेल असं. कोटावर भरलं, खिडकीशी धरलं. आजोबांचा मागमूस नाही. त्याच दुपारी अर्ज देऊन आले.

कापड कापणारा कटिंगवाला म्हणाला, "एवढं लांब? आम्ही हाक पुरी करेपर्यंत तू घरी पोचलेली असशील." सगळे हसले, मीही हसले. मास्तरांनी टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "काम चोख आहे."

पण खरं सांगायचं तर मला ते नाव एकाच तोंडून ऐकायचं होतं. आई ताईकडे राहते. मी सांगितल्यापासून दोन वर्षांत तिने मला घराबाहेर काढलं नाही की एक शब्द टाकून बोलली नाही. फक्त हाक मारायची ती आजोबांच्याच नावाने. नव्या नावाचा कागद हातात आला त्या रविवारी मी तो घेऊन गेले.

ताईने दार उघडलं. "आलीस? चपला आत घे, खालचं कुत्रं पळवतं."

आई मटार सोलत होती. हात पुसून तिने चष्मा लावला आणि कागद दोनदा वाचला.

"हे कोण?"

"मी."

"हे तुझं नाही." रागावली असती तर बरं झालं असतं, रागाशी मला भांडता येतं. "पलंगाखालचं कुठे गेलं?"

मी ताईकडे पाहिलं. "मी नाही हं काही सांगितलं," ताई म्हणाली.

"मला बहिरी समजलात काय दोघी? स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. आजोबांच्या नावाने हाका मारल्या तरी तुझी मान वर व्हायची नाही. आणि हिने त्या नावाने नुसतं पुटपुटलं की तू लगेच ओ द्यायचीस. दोन वर्षं वाट बघतेय मी, तेच घेऊन येशील म्हणून. घरात कुणी नसलं की म्हणून बघायची. जिभेवर बसलं होतं."

कोट, भोकं, आजोबांची उघडी पडलेली अक्षरं, मी सगळं सांगितलं. सांगता सांगता मलाच कळत होतं की मी काय करून बसले.

"म्हणजे लपायला घेतलंस," आई म्हणाली.

"कागद मरू दे. तू घरात तेच म्हण ना."

आई उठली. मटारचं भांडं घेऊन आत गेली. मी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवला, चेन ओढली, चेन अडकली, पुन्हा ओढली. ताईने मला कोपराने ढोसलं.

"अगं, आई हाक मारतेय."

मी वर पाहिलं. आई दारात उभी होती. तिने दोनदा मारली होती हाक, ताईने नंतर सांगितलं. त्याच, पलंगाखालच्या नावाने. गेले तीन महिने मी आरशापुढे उभी राहून सहा अक्षरांना ओ द्यायला शिकत होते. दोन अक्षरं कानावरून नुसती निघून गेली.

"आई, पुन्हा म्हण. एकदा."

"राहू दे," ती म्हणाली. "गेलं ते."

मी रडले, ताई रडली, आईने भाजी केली. दुसऱ्या दिवशी कारकूनबाईंकडे गेले. त्यांनी अर्ज माझ्याकडे फिरवला आणि 'एकदाच' या शब्दावर पेन टेकवलं.

मी अजून दर रविवारी जाते. आजोबांचं नाव आईने सोडलं, नवं तिला येत नाही, आणि ते तिसरं ती पुन्हा घेत नाही. हल्ली ती पडूनच असते, काही हवं असलं तर पेल्यावर चमचा वाजवते. त्याला मी लगेच ओ देते.